पडद्यापलीकडच्या मुलाला शेरा कसा लिहावा : सीमाभागात ऑनलाइन शिकवणी सुरू करणाऱ्यांसाठी

मी बेळगावातून संध्याकाळची ऑनलाइन शिकवणी घेते. मराठी माध्यमाची नववी-दहावीची मुलं, विषय कन्नड आणि गणित. काही येळ्ळूरची, काही खानापूर-जांबोटीकडची, दोघं-तिघं निपाणीची. पहिल्या वर्षी जूनमध्ये चौदा मुलं होती, दिवाळीनंतर सहा राहिली. फी परवडत नव्हती म्हणून गेली असं मी धरून चालले होते. मग एका मुलीच्या आईनं फोनवर सांगितलं, "टीचर, तुमचं काहीतरी लिहून येतं, ते पोरगी वाचते आणि मोबाइल पालथा ठेवून उठते."

मी काय लिहिलं होतं ते उघडून पाहिलं. "पुन्हा तीच चूक. लक्ष कुठं असतं?"

हे वाक्य वर्गात मी शेकडो वेळा बोलले असेन आणि कुणी त्यानं शाळा सोडली नाही. वर्गात ते बोलताना माझा चेहरा दिसतो, मी बाकाजवळ जाते, वहीवर बोट ठेवून दाखवते, मधल्या सुट्टीत तीच मुलगी माझ्या हातातल्या वह्या उचलायला येते. फोनवर यातलं काहीच पोचत नाही. पोचतात तेवढी अक्षरं, आणि मूल ती एकटं बसून वाचतं, चार-चारदा वाचतं. म्हणून ऑनलाइन शिकवताना शेऱ्याची शब्दरचना ही शिकवण्याच्या नंतरची किरकोळ गोष्ट समजू नका. उद्या मूल वही उघडणार की नाही, हे बऱ्याचदा तिथंच ठरतं.

शेरा दिला की फायदाच होतो, असा आपला समज असतो. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून सहाशेहून जास्त निष्कर्ष तपासले. सरासरी फायदा दिसला खरा, पण एक-तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी आधीपेक्षा खालावली होती. ज्या शेऱ्यानं लक्ष कामावरून उडून स्वतःवर जातं, "मी कशी आहे" या प्रश्नाकडे वळतं, तो शेरा घात करतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या त्या वाक्यानं नेमकं तेच केलं होतं. कन्नडमध्ये 'बस आली' लिहिताना झालेली चूक बाजूला राहिली आणि मुलगी "माझं लक्ष नसतं" एवढंच घेऊन उठली.

डी.एड., बी.एड. करून घरबसल्या शिकवणी सुरू करणारे आपल्याकडे बरेच आहेत. मी जे दोन वर्षं धडपडून शिकले ते त्यांच्यासाठी क्रमानं लिहिते.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक शंभरपानी वही, प्रत्येक मुलाला दोन पानं. आपण आधी काय शेरा दिला होता ते यात लिहायचं. फोनमध्ये शोधत बसू नका, सापडत नाही.
- पालकांची लेखी संमती : मुलाच्या वहीचे फोटो आणि आवाज तुमच्याकडे येणार आहेत, तुमचे निरोप मुलाला जाणार आहेत, एवढं साध्या मराठीत लिहून सही घ्या.
- कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचं मराठी माध्यमाचं पुस्तक. कोल्हापूरकडून आणलेल्या बालभारतीच्या पुस्तकातून शिकवू नका. मूल शाळेत जे शब्द ऐकतं तेच तुमच्या शेऱ्यात हवेत.
- व्हॉट्सॲप, आणि मुलं पंधरा-वीसच्या पुढे गेली तर गूगल क्लासरूम. छोट्या चाचणीसाठी गूगल फॉर्म्स.
- कानाला लावायचा साधा माइक. आवाजी निरोपात मागं मिक्सर आणि टीव्ही नको.

१. फोन कुणाच्या हातात असतो ते आधी विचारा

आपल्या भागात "मुलाचा फोन" असं क्वचितच असतं. फोन वडिलांचा असतो आणि वडील आठनंतर घरी येतात. नाहीतर थोरल्या भावाचा असतो. निपाणीच्या एका मुलीच्या घरी आई विड्या वळते आणि दिवसभर फोन तिच्याजवळ असतो. म्हणजे तुमचा शेरा मुलाच्या आधी घर वाचतं. तुम्ही दुपारी तीनला "२० पैकी ६" पाठवता, मूल शाळेतून यायच्या आत त्यावर घरात बोलणं झालेलं असतं, आणि मूल तुमचा शेरा वाचतं ते बोलणी खाऊन झाल्यावर.

वहीत प्रत्येक नावापुढं लिहून ठेवा : फोन कुणाचा, मुलाच्या हातात किती वाजता येतो, जीमेल खातं कुणाच्या नावाचं. शेरा त्याच वेळेला पाठवा. आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की मी चुका दाखवीन, तो माझा कामाचा भाग आहे, त्यावरून मुलाला रागावू नका, काही गंभीर असेल तर मी स्वतः फोन करीन. हे एकदा बोलून ठेवल्यानं माझी अर्धी भांडणं मिटली.

इथला मोठा सापळा म्हणजे व्हॉट्सॲपचा गट. गटावर कुणाचीही चूक लिहू नका, नाव न घेताही नको. चौदा मुलांत कुणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळतं. गटावर गृहपाठ, वेळ, सुट्टी एवढंच. शेरा वैयक्तिक.

२. यंत्र तुमच्या आधी शेरा देतं, त्याला थांबवा

हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. गूगल क्लासरूममध्ये शेवटची तारीख घातली की वेळेत न आलेल्या कामावर "मिसिंग" अशी पट्टी आपोआप लागते. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन-दोन दिवस नसतं. मुलानं वहीत सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि नेटवर्क आल्यावर पहिली भेट त्या पट्टीशी होते. तुम्ही अजून काही बोललेला नाहीत, पण त्याच्या दृष्टीनं शेरा मिळून गेला. त्यामुळे जून ते सप्टेंबर तारखेचा रकाना रिकामा ठेवा आणि मुदत मजकुरात लिहा : "शुक्रवारपर्यंत पाठव, नेटवर्क नसेल तर आल्यावर पाठव."

गूगल फॉर्म्सवर चाचणी केलीत तर सेटिंग्जमध्ये जाऊन गुण लगेच न दाखवता "लेटर, आफ्टर मॅन्युअल रिव्ह्यू" हा पर्याय निवडा. पर्याय निवडायच्या प्रश्नांच्या "ॲन्सर की"मध्ये चुकीच्या उत्तरासाठी वेगळा अभिप्राय लिहून ठेवता येतो. ती जागा रिकामी सोडू नका. "चूक" याऐवजी "७ पलीकडे नेलास तेव्हा चिन्हाचं काय झालं ते बघ" एवढं लिहिलं तरी मूल परत प्रश्नाकडं वळतं. गुण नंतर दाखवायचा पर्याय निवडला की मुलाचा ईमेल फॉर्ममध्ये नोंदला जातो, आणि तो अनेकदा वडिलांचा असतो. त्यासाठी फॉर्मचा पहिला प्रश्न "तुझं नाव" हाच ठेवा.

३. गुण आणि शेरा एका वेळी पाठवू नका

रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ सालचा प्रयोग इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा आहे. काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. कामातला रस आणि कामगिरी टिकली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं, नुसते गुण मिळालेल्यांसारखीच वागली. आकडा दिसला की शेरा वाचलाच जात नाही.

आपल्याकडं हे जास्तच खरं आहे, कारण एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेचे, ६२५ गुण प्रत्येक घरात मुखपाठ असतात. पहिली भाषा १२५, बाकीचे पाच विषय शंभर-शंभर, आणि शेजारच्या मुलाला किती पडले तेही. तेव्हा गुण लपवा असं मी म्हणत नाही, पालक ते सोडणार नाहीत. क्रम बदला. आज शेरा, मुलानं दुरुस्ती पाठवली की परवा गुण. मी पालकांना सांगते, "रविवारी गुण कळवते." रविवार ठरला की मधले दिवस मोकळे मिळतात.

४. शेऱ्यात लिहायचं काय

इथं थोडं थांबून लिहिते, कारण सगळं काम इथं आहे.

मराठी माध्यमाच्या मुलाचं कन्नड वाक्य बघा. त्याला लिहायचं होतं "बस आली". त्यानं लिहिलं "बस बंदळु". बरोबर आहे "बस बंतु". पुढच्या ओळीत पाऊस आला, त्याचं त्यानं केलं "मळे बंदनु". तेही हवं "मळे बंतु". वरवर पाहिलं तर दोन चुका. नीट पाहिलं तर मुलानं एक नियम प्रामाणिकपणे पाळलाय : मराठीत बस "ती" आणि पाऊस "तो", म्हणून बाईसारखी बस आली आणि पुरुषासारखा पाऊस आला. कन्नडमध्ये माणसं आणि देव सोडले तर बाकी सगळं "अदु", म्हणजे "ते".

आता याच चुकीवर शेरे बघा.

"लिंग चुकलं. व्याकरण वाच." हा मी पूर्वी द्यायचे. मूल पुस्तक उघडतं, लिंगाचा तक्ता बघतं, त्यात बस नसते, पुस्तक मिटतं.

"खूप छान, थोडी चूक आहे." हा गोड आहे आणि निरुपयोगी आहे. चूक कुठली ते सांगितलंच नाही.

आता मी देते तो असा : "क्रियापदाचा काळ तू बरोबर धरलास. बस मराठीत 'ती' म्हणून तू 'बंदळु' केलंस, ते मला कळलं. कन्नडमध्ये वस्तूला 'अदु' धरतात, म्हणून 'बस बंतु'. आता 'पाऊस आला' तू दुरुस्त कर आणि 'गाडी आली' नवीन लिही."

हॅटी आणि टिंपरली यांनी २००७ मध्ये चांगल्या अभिप्रायानं तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत असं मांडलं : कुठं जायचंय, आत्ता कुठं आहे, पुढचं पाऊल कुठलं. वरच्या शेऱ्यात तिन्ही आहेत, पण मी त्यात एक गोष्ट घातली आणि सीमाभागात ती फार लागते : चूक का झाली याचं मुलाच्या बाजूनं कारण. कन्नडबद्दल आपल्या घरांतून मुलं काय-काय ऐकत मोठी होतात ते तुम्हाला माहीत आहे. "टीचर, मला कन्नड जमंना झालंय" असं मूल म्हणतं तेव्हा त्यात व्याकरणापेक्षा बरंच काही असतं. अशा मुलाला तुझी चूक तुझ्या मराठीतून आली, डोक्यातल्या कमतरतेतून आली नाही, हे दिसलं की त्याचे खांदे सैल होतात. त्याची मराठी इथं अडसर नसून कन्नडकडं जायची वाट आहे, हे त्याला शेऱ्यातूनच कळायला हवं. मराठीत तीन लिंगं शिकलेल्या मुलाला "ते" नवीन नाहीच.

एका वेळी एकच चूक घ्या. त्याच वाक्यात ऱ्हस्व-दीर्घ "ए"चीही गडबड असेल, ती आपल्या मुलांची होतेच, कारण मराठीत तसा भेद लिहीत नाही. ती पुढच्या आठवड्याला ठेवा आणि वहीत नोंदवा. सगळं पान लाल केलेला फोटो परत पाठवू नका. शेवटचं वाक्य नेहमी करण्याजोगं असू द्या, पाच मिनिटांत होईल असं.

"तू" आणि "तुम्ही"चं म्हणाल तर मुलांना "तू"च. परक्या "आपण आपले उत्तर तपासावे" अशा भाषेनं मूल नोटीस वाचल्यासारखं वाचतं.

५. कौतुकातही सापळा आहे

"हुशार आहेस" हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की काढायला मला वर्ष लागलं. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेल्या मुलांनी पुढं अवघड प्रश्न टाळले आणि अपयश आल्यावर ती लवकर ढेपाळली. कष्टांचं कौतुक झालेली मुलं टिकली. कारण सरळ आहे. हुशार ठरलेल्या मुलाला पुढची चूक महाग पडते.

पण "छान प्रयत्न केलास" हेही सरसकट वापरू नका. मुलानं उत्तर मित्राकडून उतरवलं असेल आणि तुम्ही प्रयत्नांचं कौतुक केलंत तर तुमचा प्रत्येक शब्द त्या दिवसापासून हलका होतो. जे खरोखर दिसलं तेवढंच म्हणा : "तिसऱ्या पायरीवर तू आधीचं खोडून पुन्हा केलंस, ते बरोबर केलंस." खोडलेलं दिसणाऱ्या वहीच्या फोटोला मी मुद्दाम दाद देते. त्यानंतर मुलं पक्की वही न पाठवता कच्ची वही पाठवायला लागतात आणि शिकवायला खरा माल कच्च्या वहीतच असतो.

६. नवख्याला वेगळं, मुरलेल्याला वेगळं

तीच माहिती कुठल्या बाजूनं सांगता यावर माणसाचा निर्णय बदलतो, हे ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९८१ मध्ये दाखवलं. "२० पैकी १४ बरोबर" आणि "२० पैकी ६ चूक" यांत गणित एकच, पण वाचणारा दोन वेगळ्या जागी उभा राहतो. म्हणून काही जण ठरवून टाकतात की नेहमी चांगल्या बाजूनंच सांगायचं. ते तसं नाही.

फिंकेलस्टाइन आणि फिशबाख यांच्या २०१२ च्या अभ्यासात फ्रेंच शिकणारे विद्यार्थी होते. नवीन शिकणाऱ्यांना काय बरोबर आलं ते सांगणारा शिक्षक हवा होता, पुढच्या पातळीवरच्यांना काय चुकतंय ते सांगणारा. नवखं माणूस "मी यात टिकेन का" हे शोधत असतं, मुरलेलं माणूस "माझं अजून काय राहिलंय" हे.

माझा हिशेब असा : जून-जुलैत आणि नवीन आलेल्या मुलाला बरोबर आलेल्यापासून सुरुवात. डिसेंबरनंतर दहावीच्या मुलांना उलटं. त्यांना तेव्हा "१४ बरोबर" ऐकायला वेळ नसतो, गुण कुठं गळतायत ते हवं असतं. एक मुलगा मला म्हणालाच, "टीचर, चांगलं राहू द्या, चुकलेलं सांगा." तो तयार झाला हे त्या दिवशी कळलं. प्रत्येक मूल या वळणावर वेगळ्या महिन्यात येतं, म्हणून वही.

७. कडक शेरा द्यायचा असेल तर

द्यावाच लागतो. पण ज्या मुलाला आधीच वाटतं की समोरचा आपल्याला कमी लेखतो, त्याला कडक शेरा म्हणजे पुरावा वाटतो. येगर, कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांच्या शेऱ्यांसोबत एक चिठ्ठी जोडली : माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहितोय. निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि सर्वांत जास्त फरक कृष्णवर्णीय मुलांत दिसला, त्यातही शाळेवर ज्यांचा भरवसा कमी होता त्यांच्यात.

दहावीनंतर आपली मुलं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी नाहीतर कन्नड माध्यमात जाऊन बसतात. तिथं पहिले सहा महिने त्यांना आपण मागं आहोत असंच वाटत राहतं. अशा मुलाला मी लिहिते : "हे उत्तर मी परत पाठवतेय कारण कॉलेजात तुला याहून चांगलं लिहावं लागेल आणि तू लिहिशील. दुसरा परिच्छेद पुन्हा कर." हे वाक्य प्रत्येक वेळी वापरलंत तर त्याचा शिक्का होतो. वर्षातून दोन-तीनदा, खरं वाटतं तेव्हाच.

८. आवाज की अक्षरं

दोन्ही. आवाजात माया पोचते, म्हणून अवघड शेरा आवाजात द्या, एका मिनिटाच्या आत. दुरुस्त वाक्य मात्र लिहून पाठवा, कारण ऐकून लिहिताना मूल पुन्हा चुकतं. आणि लक्षात ठेवा, घरात आवाजी निरोप मोठ्यानं वाजतो. सगळ्यांसमोर ऐकला तरी चालेल असंच बोला.

९. दुरुस्ती आली की मगच पान मिटा

शेरा पाठवून मी मोकळी व्हायचे. आता वहीत तीन रकाने आहेत : शेरा कधी दिला, दुरुस्ती कधी आली, त्यात काय बदललं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर चूक बहुधा माझ्या शेऱ्यात असते. एकतर तो लांब होता किंवा त्यात करण्याजोगं काही नव्हतं. दुरुस्ती आली की त्याच दिवशी एक ओळ पाठवा, "आता 'बंतु' बरोबर बसलं." ही ओळ चुकवू नका. मूल तिची वाट बघत असतं.

सुरुवातीला पंधरा मुलांना असे शेरे लिहायला मला अडीच तास लागायचे. आता तासभर लागतो, कारण नेहमीच्या दहा-बारा चुकांचे शेरे मी तयार करून ठेवलेत. तयार शेरा जसाच्या तसा मात्र पाठवत नाही. पहिलं वाक्य त्या मुलाच्या वहीतलं असतं.

१०. मूल गप्प झालं तर

दोन आठवडे काहीच आलं नाही तर "काम का पाठवलं नाहीस?" असं विचारू नका. त्याला उत्तर म्हणून एक सबब तयार करावी लागते आणि ती पाठवायची लाज वाटून मूल आणखी लांब जातं. मी एवढंच पाठवते : "मागचं राहू दे. आज फक्त हे एक वाक्य कन्नडमध्ये लिही : पाऊस थांबला." सोपं असतं, त्याला येणारं असतं. उत्तर आलं तर बरोबर काय आलं तेवढंच सांगते, मागच्या कामाचं नाव त्या दिवशी काढत नाही.

तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर संध्याकाळी साडेआठनंतर घरी फोन करा. आधी घरच्यांची चौकशी, मग मुलाशी बोलणं, अभ्यासाचा विषय सगळ्यांत शेवटी. मोबाइल पालथा ठेवून उठणाऱ्या त्या मुलीला मी असाच फोन केला होता. ती पहिल्यांदा काही बोललीच नाही. मग म्हणाली, "टीचर, ते बसचं वाक्य मी नंतर बरोबर केलतं, पण पाठवलं नाही." मी म्हटलं, आत्ता पाठव. रात्री नऊला फोटो आला.